कोकरासारखी गप्प

झाशीच्या जनाना दवाखान्यात माझ्याच बाकावर दोघी मराठी बायका बसल्या होत्या. एकीची सून बाळंतपणासाठी आत होती.

"कळा कधीपासून येताहेत, अनुसूयाबाई?"

"कालपासून. पण पोरगी सोशीक हो. हूं नाही की चूं नाही. रेल्वेचं क्वार्टर, भिंतीला भिंत, पलीकडे पुरुषमाणसं. मीच बजावलं होतं, आवाज बाहेर जाता कामा नये."

"मग आणलंत इतक्या उशिरा?"

"ओरडली नाही, म्हणून वाटलं अजून वेळ आहे. मघा मिशनची बाई यहुद्यांच्या कुणा जुन्या ऋषीचं वाचत होती ना? देवाचा सेवक छळ सोसूनही कोकरासारखा गप्प राहिला म्हणे. मला आमची बकुळच आठवली."

"ते कोकरू कुठं नेत होते, ते ऐकलंत का?"

"नाही बाई. तेवढ्यात बकुळला आत घेतलं."

"कापायला."

तेवढ्यात आतून नर्स बाहेर आली.

"बकुळ के साथ कौन है?"

"मैं सास हूँ, सिस्टर. बच्चे का रोना नहीं सुनाई दिया."

"माँजी, आप पहले बैठ जाइए."

"बैठती हूँ. पण आई-बाळ दोघांनाही ओरडू द्या आता. मी कुणाला गप्प बस म्हणणार नाही."