हिरवा ठिपका

पवईच्या बसची रांग हलत नव्हती. एकट्या राहणाऱ्या शेवंतीबाईंच्या पुढ्यातच दोन तरुण बोलत होते.

"देवेश, सोमवारपासून मी ऑफिसला जाणार."

"वेडा झालास? घरून काम म्हणजे झकास ना!"

"आमच्या ऑफिसातला सुबोध घरी एकटा असताना वारला रे. दोन दिवस कुणाला पत्ताच नाही."

"ऑनलाइन दिसत नव्हता?"

"दिसत होता! साहेबांना फसवायला माऊस हलवणारं यंत्र लावलेलं. माणूस गेला तरी नावापुढचा हिरवा ठिपका चालूच."

देवेश वळून आपल्या घराच्या दिशेने पाहू लागला.

"काय झालं रे?"

"आत्ता मीपण तेच लावून आलोय. यार, रोज सकाळी मला एक फोन करशील?"

"आणि नाही उचललास तर?"

"किल्ली खालच्या वाण्याकडे असते."

मागून शेवंतीबाई म्हणाल्या, "बाळा, माझापण नंबर लिहून घे."