साडेसातची बॅच

नाही वं अस्मिता मॅडम, सकाळची बॅच नको मले. सकाळी वेळच वेळ आहे, तरी नको — संध्याकाळी साडेसातचीच पायजे. मॅडम म्हटलं तं लाजून काहून राहिली? खालच्या गोदामातले ड्रायव्हर म्हणतेत, मंग या जिजाबाईनं म्हटलं तं काय बिघडलं? अन् हसू नको. साठी उलटली म्हणून डोकं काय बंद पडते काय?

इंग्रजी येतच नाही असं नाही वं. मोठे शब्द सारे येतेत — गॅस, टेन्शन, प्रॉब्लेम, ॲडजस्ट — ते तं आपलेच झाले. पंचाईत आहे ती बारक्या शब्दांची — शी, हर, टू, विथ — डाळीतल्या खड्यासारखे मधात येतेत ते. आमच्या सुशीलचं अन् दिपालीचं, माह्या लेकासुनेचं, जेवताना इंग्रजीच चालते आता. आधी नव्हतं, दसऱ्यापासून सुरू झालं. वरण मराठीत मागतेत, पोळी मराठीत मागतेत, अन् मधातच दिपालीचा आवाज बारीक झाला की समजावं, आता इंग्रजी येणार. मी आपली भाताकडे पाहून राहिली. सुशीलचं इंग्रजी काही धड नाही, घाम फुटते त्याले, वाक्य अर्ध्यातच अडकते — मंग मीच हात धुवाच्या निमित्तानं उठावं, म्हणजे बिचाऱ्याचं वाक्य तरी पुरं होईल.

परवा सुशील म्हणे, ‘शी कॅन गो टू हर सिस्टर आफ्टर दिवाली. वी नीड दॅट रूम.’ म्हणजे कसं, दिवाळी झाली की मी खापरखेड्याले बहिणीकडे जायचं, अन् माही खोली सुशीलच्या ऑफिसच्या कामाले. त्याचंही खरं आहे वं, पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसते, पाठ दुखते त्याची, अन् —

काय पाहून राहिली अशी?

हो. समजते. सारंच समजते. तूच तं शिकवलं — मोबाईलवर तुहे व्हिडिओ टाकते ना तू, दुपारी सारे पाह्यले मी. कोणाले शी म्हणायचं, टूच्या पुढं काय येते, सारं. छान शिकवते, फक्त हात लय हालवते. आमच्या घरी सांगू नको पण.

मंग क्लास काहून पायजे? आता तुले काय सांगू. साडेसातले आमच्या घरी ताटं वाढतेत. मी इथं बसली तं त्याइले इंग्रजीची गरजच नाही, निवांत मराठीत बोलतील. इंग्रजीत काय, शी म्हटलं की भागते — शी काय, कोणीही असते. मराठीत बोलाले बसला ना सुशील, तं त्याले ‘आई’ म्हणा लागन. ‘आईले खापरखेड्याले पाठवून देऊ’ — म्हणून तं पाहू दे एकदा. मले नाही वाटत त्याच्या तोंडून निघन. मले नाही जायचं वं, अस्मिता. बहीण चांगली आहे, तिथं क्वार्टरही मोठं आहे, पण मले नाही जायचं.

अन् निघालंच तोंडून, तं निघालं. मंग मी आपली जाईन. पण मराठीत सांग म्हणा.

बरं, जिन्यावर पोट्टे आले तुहे. डोळे पूस, नाहीतं म्हणतील म्हातारीनं पहिल्याच दिवशी मॅडमले रडवलं. मी मागच्या बाकावर बसून राहीन. मले काही विचारू नको. तू फळ्यावर लिही.