काचेतलं शेवटचं बदक

मँचेस्टरच्या चायनाटाउनमध्ये भाजलेल्या बदकांच्या दुकानापुढे हिल्डा रांगेत उभी होती. काचेत एकच बदक उरलं होतं आणि तिच्या पुढे एक चिनी बाई एका गोऱ्या तरुणाशी भांडत होती.

"ते बदक मी घेणार."

"मावशी, रांगेत मी पुढे आहे."

"लेकीनं पसंत केलेला मुलगा आज पहिल्यांदा जेवायला येतोय रे."

"मीही पहिल्यांदाच चाललोय, मैत्रिणीकडे. तिची आई म्हणे वाघीण आहे. रिकाम्या हाती गेलो तर कच्चा खाईल."

"वाघीण? असं कोण म्हणालं?"

"काइयिंग. तिचीच मुलगी."

बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हिल्डा ऐकायला पुढे झुकली.

"बदक तूच घे."

"उपकार झाले! पण तुमच्या पाहुण्याला काय वाढाल?"

"हेच. सहाला ये, उशीर करू नकोस."