कोल्हीण राहते तोवर

—नाही, ‘अनुकूलन’ या शब्दाचा अर्थ मला ठाऊक आहे, समजावण्याचे कष्ट घेऊ नका. शाळा सातवीत सुटली, वाचन नाही सुटलं. भिंतीभर पुस्तकं आहेत ती वाळवीची सोय म्हणून नव्हेत. बसा. ते स्टूल मात्र होतं तिथेच राहू द्या — पत्नीला दिसत नाही, ती हे घर हाताने ओळखते. तर तुमचा अहवाल. वाचला मी, शेवटच्या पानापर्यंत. लिहिणाऱ्याने तरी वाचला असेल की नाही, शंका आहे. ‘खाणीच्या परिसरातील वन्यजीवांची संख्या स्थिर आहे.’ वा! दर हंगामात एक टेकडी कोळशासाठी पोखरायची, आणि प्राणी म्हणे स्थिर! हरणांना लेखी हुकूम दिला होता वाटतं, की उद्यापासून मातीच्या ढिगाऱ्यावर हजर राहावे? आणि मोजणी काय, तर उत्तरेच्या मनोऱ्यावरून एक साहेब मोजणार, दक्षिणेच्या मनोऱ्यावरून दुसरे — मधला कळप बिचारा एकच, दोघांनाही दर्शन देऊन मोकळा! पत्नी म्हणते, ‘अहो, दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय तुम्हाला जेवण पचत नाही का?’ नाही पचत. काय करणार?

असो, मुद्द्यावर येऊ. घरामागच्या टेकडीत कोल्हिणीचं बीळ आहे, आणि ते वसतं आहे तोवर खाणीचं कुंपण या बाजूला सरकवायचं नाही, अशी परवान्यातली अट आहे — म्हणजे हे घरही पाडायचं नाही. एवढं मलाही कळतं. बीळ रिकामं झालं की आमची रवानगी कंपनीच्या वसाहतीत, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे म्हणे. उपकार झाले! इथे पत्नी चुलीपासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून अंगणातल्या दोरीपर्यंत एकटी जाते, माझाही हात झिडकारते — ‘मी काय पांगळी आहे?’ तिथे काय करेल हो ती? बसवलं तिथे बसेल, उठवलं की उठेल. छे, डोळ्यांत काही नाही, तुमच्या सुरुंगांची धूळ आहे.

आणि तुम्ही खुशाल लिहिता, ‘हादऱ्यांना सरावल्यामुळे व उंदीर मुबलक असल्यामुळे कोल्हीण टिकून आहे.’ उंदीर? कुठले उंदीर? डंपरच्या या धुरळ्यात उंदरालाही दमा होईल! क्षमा करा, पण इतकी घोडचूक छापलेली पाहून राहवत नाही. उंदरासाठी कोण थांबतंय इथे? तिला उकडलेलं अंडं लागतं, आणि तेही सोललेलं — टरफलासकट ठेवलं तर नुसतं हुंगते आणि पाठ फिरवते, नखरे तर असे की नव्या जावयाने शिकून घ्यावेत! पिल्लांना तर कुस्करूनच द्यावं लागतं, नाहीतर ती—

काय झालं? लिहायचं का थांबलात?

नाही, नाही, मी ते वाचलं होतं. कुठल्याशा पुस्तकात. कुठल्या? आता नाव कसं आठवणार... असे टक लावून पाहू नका. बरं, ठेवतो. मीच ठेवतो, ती उकडते, मी ठेवतो! झालं समाधान? तुमच्या अहवालात एकच कळप दोनदा मोजलेला चालतो, आणि म्हाताऱ्याची अंडी तेवढी खुपतात? कोल्हीण खरी आहे ना? पिल्लं खरी आहेत? मग तेवढंच लिहा. मी आजवर कुणापुढे हात जोडलेले नाहीत, आणि आत्ता — जोडले तरी कोण पाहतंय...

श्‌! ती येते आहे. भिंतीवरून हात सरकतोय, ऐका. उठू नका. हूं की चूं करू नका.

अगं, सावकाश ये. पाहुणे? ते केव्हाच गेले. माझ्याशीच बोलत होतो, दुसरं कोण आहे? हो, पाहिलं त्यांनी बीळ. नाही गं, कुंपण आहे तिथेच राहणार. अगं, रडतेस काय वेड्यासारखी? विचारलं मी, अगदी स्पष्ट विचारलं. शब्द दिला आहे त्यांनी.