बंपरचं लिंबू

सांग बरं, याचा शेवट काय झाला असन? हरला तं चहा तुयाकडून!

आपला सौंसरचा दिल्या पांढुर्ण्याले गाडीवर रंगीत फिल्म चिपकवाच्या स्पर्धेत उतरला. पहिल्या नंबराले फिल्म गरम करून बसवाची हीटगन होती. गाडी नवी, बंपरले लिंबू-मिरची टांगलेली.

म्या म्हटलं, "काढ बे ते."

"शनिवारच्या आधी काढत नसतेत, काका!"

"मंग मढव वरूनच."

मढवलं ना पठ्ठ्यानं!

तपासणारे साहेब आले. "हा बुडबुडा काऊन राहिला?" म्हणून अंगठ्यानं दाबला. फिल्म फाटली, अन् लिंबू-मिरचीचा रस फचकन साहेबाच्या डोयात! दिल्या घाबरला, हातातल्या बाटलीनं पाणी मारलं. तेही फिल्म चिपकवाचं, साबणाचं!

हीटगन तं गेलीच, वरतून साहेबाची अख्खी गाडी फुकटात मढवून द्या लागली. तिचं लिंबू मात्र पहिले काढलं, मंगळवारीच!