एकमताने मंजूर

...आणि वर मलाच विचारतात, "अरे, समितीत तूही होतास ना?" होतो! होतो हो! नाही कुठे म्हणतोय मी? हात माझाच होता!

तुम्हाला सांगतो, मी विद्यापीठाच्या वसतिगृहातला पंपवाला. शाळा लवकर सुटली, तोंड तर त्याच्याही आधी मिटलं होतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. खाली बटण दाबायचं, पाणी तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात चढायचं, तिथे आई भांडी घासते, ती ओरडायची, "आलं रे!" झालं काम! यात धोरण कुठे बसतं? पण विद्यापीठाला डिजिटल धोरण हवं झालं, धोरणाला समिती हवी, आणि समितीत एक 'सामान्य वापरकर्ता' हवाच, नियमच तसा! संगणक विभागाचे साहेब मला बघून धोरणासाठी आणलेल्या सल्लागाराच्या कानाशी लागले, "हाच घ्या. हा बोलत नाही." मला ऐकू आलं. पण बोलणार कसं?

पहिली बैठक. एसीने गारठलेली खोली, पडद्यावर चौकोन, चौकोनातून बाण, बाणातून आणखी बाण... सल्लागार म्हणतो, "पाणी ही वस्तू नाही, सेवा आहे!" बरं बाबा, सेवा! तर सेवा हवी असेल तर पोर्टलवर विनंती टाकायची, वॉर्डनसाहेबांनी ती मंजूर करायची, मग पंप चालू. अहो, पण आमचे वॉर्डनसाहेब स्वतःचा पासवर्ड विसरून बसलेत! डोळ्यांपुढे आईचे दुखरे गुडघे. आणि जन्मात पहिल्यांदा, बोलू द्या म्हणून, वर्गात करतात तसा मी हात वर केला. नेमकं तेव्हाच अध्यक्षबाईंनी विचारलेलं, "कोणकोण अनुकूल?"

"वा! सामान्य वापरकर्तासुद्धा! एकमताने मंजूर!"

टाळ्या! हात माझाच होता!

पुढच्या बैठकीला आरशासमोर घोकून गेलो, 'बाई, पाणी चढत नाही.' चारच शब्द! साहेब बोलायचे थांबले तसा हात वर केला, तर नेमकं मत घेणं चाललेलं, आणि ठराव निघाला जुन्या बटणाला कुलूप लावायचा. एकमताने मंजूर! कुलूप कुणी लावलं? मीच, आणखी कोण?

मग मात्र शहाणा झालो. तिसऱ्या बैठकीत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. म्हटलं, आता करा एकमत! तर बाई म्हणतात, "विरोध असेल त्यांनी हात वर करावा." अहो, हात खाली, हातांवर मी, हातांना मुंग्या... "कोणीच नाही? एकमताने मंजूर!" सगळ्या वसतिगृहांना तीच योजना लागू!

आता आमची विनंती पोर्टलवर 'प्रलंबित' आणि आई जिन्यात. दर मजल्यावर टेकते, गुडघा चोळते नि विचारते, "मेल्या, तिथे गार हवा खायला जातोस का रे?"

परवा बादल्या घेऊन मायलेक चढत होतो, तर वरून पाहुण्यांना घेऊन अध्यक्षबाई उतरल्या. "हे आमचे सामान्य वापरकर्ते! एकदाही विरोध नाही!"

आई म्हणाली, "अहो बाई, नळाला पाणी..."

"तुम्ही समितीत आहात का?" बाईंनी आईला गप्प केलं. मग माझ्याकडे वळून गोड हसल्या, "पुढची दोन वर्षंही तुलाच ठेवतोय. काही हरकत? हरकत असेल तर हात वर कर हं!"

आईने मागून कोपराने ढोसलं, "अरे, कर की!"

करणार होतो हो... पण दोन्ही हातांत बादल्या!