खान पालखीतून पडतो

—नको नको, जाईबाई, स्टोव्ह पेटवू नका, मी चहाला आलेच नाही, चार शब्द बोलायचे आणि पळायचं, साडेसहाला पडदा आहे आमचा. बसते इथंच, या ट्रंकेवर. तुम्ही तांदूळ निवडा खुशाल, हात थांबवू नका. कमल नाही का घरात? — गणपतरावांबरोबर बाहेर गेलीय? बरंच झालं एका परीनं, तिच्यासमोर मला तुमच्याशी भांडता आलं नसतं. हसताय काय? भांडायलाच आलेय मी गिरगावातून लालबागला. कौसल्याबाई म्हणजे मीच — कमल बोलली असेल घरी — तिच्याच शाळेत इतिहास शिकवते. आधी ती माझ्या वर्गात बाकावर बसायची, आता शेजारच्या वर्गात फळ्यापाशी उभी असते. म्हणजे लेकीसारखीच, तसं बघायला गेलं तर. आणि आज सकाळी आमच्या वर्गातली शेवंती निरोप घेऊन येते, 'कमलला सासूबाई नको म्हणतात, संध्याकाळच्या कार्यक्रमात ती नाही.' झालं! कारण नाही, काही नाही. नको म्हणजे नको. आता मला सांगा, सहा आठवडे वर्ग चालला, आज शेवटचा दिवस, आणि आजच नको?

कसला वर्ग म्हणून काय विचारता, तिनं सांगितलं नाही? कमाल आहे पोरीची. अहो, इतिहासाच्या शिक्षकांचा उजळणी वर्ग, दर शनिवार-रविवार. तुम्ही म्हणाल, शिकवणाऱ्या बायांना आणखी शिकवायचं काय — माझी जाऊ हेच म्हणते, 'वहिनी, तुम्ही नापास झालात की काय?' पण खरं सांगू का, आम्ही शिकलो तेव्हा विलायतेच्या राजांची जंत्री घोकली, आणि जी घोकली तीच पोरींच्या डोक्यावर ओतली. आता नवी पद्धत आलीय. प्राध्यापक येतात एक — माणूस म्हणाल तर काडीपैलवान, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यावर पोचणारा — त्यांचं एकच पालुपद, 'पुरावा काय?' तुम्ही म्हणा, अमक्यानं तमका किल्ला घेतला. पुरावा काय? कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, लिहिणारा तिथं होता का? इतकं डोक्यात भिनलंय सगळ्यांच्या की मधल्या सुट्टीत कोणी डबा उघडून म्हणालं, 'आज भेंडी आहे,' की चार जणी ओरडतात, 'पुरावा काय?' — आणि पुरावा खाऊन टाकतात!

आणि आदर्श पाठ! तो बघायला यायला हवं होतं तुम्ही. एकीनं शिकवायचं आणि बाकीच्या चाळीस जणांनी सहावीचे विद्यार्थी व्हायचं. अहो, पोरं परवडली. आमच्या बकुळाबाई, पुढच्या वर्षी निवृत्त होणार, नातवंडं आहेत — त्या मागच्या बाकावर बसून पुढचीच्या वेणीला खडू बांधतात, 'बाई, हिनं मला चिमटा काढला' म्हणून रडतात. दादरचे एक मास्तर शिकवताना अक्षरशः घामाघूम होऊन खाली बसले. कमलचा पाठ आला तेव्हा मलाच धाकधूक. तर तुमच्या सुनेनं काय करावं? खडू खाली ठेवला आणि म्हणाली, 'बकुळा, बाकावर उभी राहा.' आणि बकुळाबाई उभ्या राहिल्या हो! तो सबंध पाठ उभ्या होत्या, प्राध्यापकसुद्धा हसेनात. त्या दिवशी मी म्हटलं, ही पोरगी मोठी शिक्षिका होणार. तुम्हाला माहीत नसेल घरात, भाकऱ्या थापताना कोण मोठं दिसतं? पण आहे. शीवच्या किल्ल्यावर सहल गेली आमची, तिथंही बुरूज, तोफा, खाडी, सगळं कसं समजावून सांगत होती इतरांना — मध्ये एकदा पायरीवर बसली खरी, ऊन लागलं म्हणाली — पण उठली परत.

तर मुद्द्यावर येते. दरवर्षी वर्ग संपताना समारंभ असतो. पुरुष मंडळी पोवाडा म्हणतात, आणि आम्ही काय करायचं? — स्वागतगीत आणि हारांची ताटं. यंदा मी उभी राहिले सभेत. म्हटलं, बायकांना नाट्यप्रवेश हवा, पूर्ण, वेशभूषेसकट, नाहीतर हारसुद्धा तुमचे तुम्हीच गुंफा. कसेबसे हो म्हणाले. प्रतापगडाचा प्रसंग घेतला — पंतप्रधान गडावर पुतळ्याला येणार म्हटल्यावर सध्या दुसरं काही सुचतंय का कोणाला मुंबईत? — आणि चिटणीस बजावून गेले, शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत, घोषणाबिषणा नकोत, आपण अनुदानाची माणसं. मी म्हटलं, स्टेजवर देणार नाही, प्रेक्षकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण कळलं ना तुम्हाला, जाईबाई? पहिल्यांदा मिळालाय प्रवेश. आज तो कोसळला की पुढच्या वर्षी 'बायकांना जमत नाही' म्हणून पुन्हा हारांची ताटं. आणि खानाशिवाय प्रतापगड करायचा कसा?

— खान म्हणजे खान. अफजलखान. कमल. — तिनं सांगितलं नाही? काय सांगितलं मग? 'मागं उभं राहायचंय'? अरे देवा... हे मी बोलायला नको होतं वाटतं. आता बोलून गेले तर ऐकाच. उंच तीच आहे सगळ्यांत, आवाज भरदार. महाराज व्हायला भांडणं, जिजाबाई व्हायला रुसवे, खान व्हायला मात्र कोणी तयार होईना. तेव्हा ही म्हणाली, 'कोणीतरी व्हायलाच हवं, मी होते.' हो, दाढी आहे. काळीभोर, इथपर्यंत. डिंकानं चिकटवतात, त्या वासानं बिचारीला मळमळायचं, दोनदा तालीम सोडून मोरीकडे पळाली, पण नाही म्हणाली नाही कधी. तुम्हाला वाटत असेल, सून दाढी लावून, फेटा बांधून चार लोकांत उभी राहणार, गावाकडे कळलं तर काय गजाली होतील. होऊ देत की! आणि मला एक सांगा, गणपतराव पुढच्या शनिवारी जाणार ना संयुक्त महाराष्ट्राच्या समितीच्या मोर्चाबरोबर, पंतप्रधानांना दाखवायला काळं निशाण घेऊन? मग? नवरा खऱ्या प्रतापगडावर जाणार आणि बायकोला खोट्या प्रतापगडावर जायला बंदी? हा कुठला न्याय? — हसलात! हसलात ना? मग दाढीचं काही नाही म्हणता? मग अडलंय कुठं?

आणि नुसतं उभं राहून मरायचं नाहीये, भूमिका चांगली मोठी आहे. इतर नाटकांत खान मिठीतच कोसळतो आणि पडदा पडतो. पण आम्ही पडलो इतिहासाच्या बाया! मी म्हटलं, शामियान्यात मेला हे कशावरून? पुरावा काय? मग जी जुंपली! अडीच तास वाद. एकीनं बखर आणली, दुसरीनं पोवाडा आणला, शेवटी मतदान झालं आणि ठरलं, खान जखमी होऊन बाहेर पळतो, भोई त्याला पालखीत घालतात, मावळे येऊन भोयांच्या पायांवर वार करतात, पालखी आदळते आणि खान तिच्यातून गडगडत खाली पडतो. तसंच करायचं, जसंच्या तसं! पालखीसुद्धा मिळवली गिरगावातून, लग्नात वापरतात ती आहे, पण रंगवून घेतली. काल आली. चार भोई — बकुळाबाई एक, शेवंती एक — खांद्यावरून धाडकन सोडायची, आणि खान असा कोलांट्या खात... काल पालखीवर तालीम घ्यायची होती, तर कमल तिच्याकडे बघत उभी राहिली आणि एकदम म्हणाली, 'मी घरी जाते.' — जाईबाई? हात का थांबला तुमचा? नाही हो, खाली गादी घालणार आहोत! पातळ आहे जरा, पण गादी आहे.

बोला ना काहीतरी. तुम्ही अशा गप्प बसलात की मला माझ्या सासूबाई आठवतात. त्याही अशाच बसायच्या, जपमाळ घेऊन. मी चोविशीची होते, आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं, मला सरदाराची भूमिका दिली होती. तलवार होती, मिशी होती, दीड पानाचं भाषण होतं. पाठ करून करून पाटावर बसले तरी तोंडात तेच. कार्यक्रमाच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, 'नको.' तुमच्यासारखंच, एक शब्द. मी कपडे घडी करून परत देऊन आले. भांडले नाही, रडलेसुद्धा नाही. तेव्हापासून, जाईबाई, प्रत्येक संमेलनात मी विंगेत बसते. प्रॉम्प्टिंग करते. लोकांना वाटतं कौसल्याबाईंना हौस आहे त्याची. हौस कसली! मला सगळ्यांचे संवाद पाठ असतात, दरवर्षी, सगळ्या नाटकाचे, आणि मी ते कुजबुजते. वाईट वाटतं. अजून वाटतं. सासूबाई गेल्या, हे गेले, आता नको म्हणायला घरात कोणी उरलं नाही, पण आता मला विचारतो कोण? — हे मी तुम्हाला का सांगत बसले? सांगायचं नव्हतं. कमलला सांगू नका. मला एवढंच म्हणायचंय की पोरीला आज अडवू नका, हे असलं मनात राहून जातं हो, निघत नाही मग.

— काय? काय म्हणालात? जरा मोठ्यानं, शेजारचा रेडिओ... कोणाला? — कमलला? दिवस गेलेत?

अगंबाई! कितवा? — तिसरा सरायचाय अजून. म्हणून बोलायचं नाही कोणाशी. हो हो, बरोबर आहे, तीन महिने होईपर्यंत बाहेर बोलू नये, आमच्याकडेही तसंच. म्हणून तुम्ही मघापासून तोंड मिटून बसलात, आणि मी आपली दाढी काय, अब्रू काय, न्याय काय... आणि ती पोरगी डॉक्टरीणबाईंकडे गेलीय आत्ता, हवा खायला नाही! अहो, मग पायरीवर बसली ती... मोरीकडे पळायची ती... आणि आम्ही चाळीस शिकलेली माणसं सहा आठवडे 'पुरावा काय, पुरावा काय' करत बसलो तिच्याभोवती, आणि एकीच्या लक्षात येऊ नये! डिंकाचा वास म्हणे! आणि त्या अवस्थेत मी तिला पालखीतून खाली आदळणार होते. नाही, नाही, तुम्ही नको म्हणालात तेच बरोबर. मीच तिला घरी परत पाठवलं असतं, कळलं असतं तर. जाईबाई, माझं सगळं भांडण मागं. गोड बातमी आहे, तोंडात साखर घाला माझ्या — असू दे, गूळ चालेल. घ्या, तुम्हीही घ्या.

आता मात्र माझा प्रवेश बुडाला. बुडू दे. साहेबांना स्वागतगीत ऐकवू. खान आणायचा कुठून या वेळेला? शेवंती बुटकी, बकुळाबाईंना पालखीत घातलं तर उचलणार कोण? बाकीच्यांना संवाद येत नाहीत, तीन पानं आहेत, त्यात ते उर्दू शब्द... — काय बघताय अशा? वरपासून खालपर्यंत? पदराला काही लागलंय का?

— मी?

भलतंच काय, जाईबाई! बावन्न वर्षांची बाई मी. गुडघे कुरकुरतात. दाढी लावून मी पालखीत... संवाद येतात, ते तर येतातच, खानाचे काय आणि महाराजांचे काय, पण... हसू नका हो, मी खरंच विचार करतेय. उंचीला आहे मी तिच्याइतकी. बोटभर कमी असेन. आवाज — आवाज कुजबुजून कुजबुजून बसला असेल, नाहीतर होता एकेकाळी. पण लोक काय म्हणतील? — 'पुरावा काय' म्हणतील? अगंबाई, तुम्हीसुद्धा!

थांबा, मग कमलला आणता येईल की. विंगेत खुर्ची टाकते तिच्यासाठी, पाठीशी उशी, हातात संवादांची वही. मी चुकले तर ती सांगेल — चुकणार नाही म्हणा मी. खुर्चीवर बसायला काही हरकत नाही ना? डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या तरच आणा. गणपतरावांना म्हणावं, टॅक्सी करा, ट्रामचे धक्के नकोत. आणि तुम्ही या बरोबर, पुढच्या रांगेत बसा. मी कोणाला काही सांगत नाही, तीन महिने तोंडाला कुलूप. 'कमलचा घसा धरलाय' म्हणेन.

किती वाजले? बाई गं! उठवा मला, या ट्रंकेवरून उठताच येत नाही — आणि ही निघाली खान व्हायला! गादी मात्र दुसरी शोधायला हवी, जाड. नाहीतर राहू दे, पातळच बरी, आवाज चांगला होईल. जाईबाई, आज मी पालखीतून पडणार, सगळ्या दादर-गिरगावासमोर पडणार, जसंच्या तसं! — चला, सरका आता, किती बोलता हो तुम्ही! चपला कुठायत माझ्या?